म्हातारपणाला जाब विचारणारा शास्त्रज्ञ

दही खाल्ले की आयुष्य वाढते, ही समजूत जगभर पसरण्याचे श्रेय, आणि थोडा दोषही, इल्या मेचनिकॉव्ह या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाकडे जातो. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव त्यांनीच दिले. म्हातारपण निमूटपणे सोसण्याची गोष्ट नसून विज्ञानाने सोडवण्याचा प्रश्न आहे, असे ते शेवटपर्यंत मानत राहिले. तरुणपणी मात्र याच माणसाला आयुष्य नकोसे झाले होते.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म 1845 मध्ये खार्किव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. 1869 मध्ये लुडमिला यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा नवरी क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. हवाबदलासाठी गावोगाव फिरूनही 1873 मध्ये मादेरा बेटावर लुडमिला गेल्या. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले.

पुढे ओल्गा यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. 1880 मध्ये ओल्गा विषमज्वराने गंभीर आजारी पडल्या. त्या बऱ्या झाल्या, पण मेचनिकॉव्ह पुन्हा निराशेत बुडाले. उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. हा ताप रक्तातून पसरतो का, हे पाहायचे होते, पण जगण्याची फारशी इच्छाही उरली नव्हती. ते मरता मरता वाचले आणि या आजारातून उठल्यावर त्यांचा स्वभावच पालटला. जगण्याची गोडी परत आली, ती कायमची.

1882 मध्ये ते सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये काही पेशी इकडेतिकडे सरकताना त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. या पेशी शरीराचे रक्षण करत असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. घराच्या बागेतील गुलाबाचे काटे त्यांनी पिल्लांच्या शरीरात टोचले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पेशींनी काट्यांना घेरले होते. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धांत येथून उभा राहिला. अनेक नामवंतांनी त्याला कडाडून विरोध केला. मेचनिकॉव्ह मागे हटले नाहीत. 1888 मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली आणि 1908 मध्ये पॉल एर्लिच यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या ओडेसातील विद्यार्थ्यांपैकी एक होते वाल्देमार हाफकिन. गुरूंच्या पाठोपाठ तेही पाश्चर संस्थेत गेले आणि पुढे भारतात आले. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 1897 च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पन्नाशी ओलांडल्यावर मेचनिकॉव्ह म्हातारपणाकडे वळले. त्यांची मांडणी अशी होती : मोठ्या आतड्यातील कुजवणारे जंतू विष तयार करतात, त्या विषाने शरीराच्या पेशी दुबळ्या होतात आणि मग एरवी रक्षण करणाऱ्या भक्षक पेशी आपल्याच दुबळ्या पेशींना खाऊ लागतात. केस पांढरे होणे, स्मरण कमी होणे ही त्याचीच लक्षणे. बल्गेरियातील आंबवलेले दूध पिणारे शेतकरी दीर्घकाळ जगतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. दुधाला आंबवणाऱ्या जंतूंनी आतड्यातील कुजणे थांबेल, असा तर्क त्यांनी केला आणि स्वतः रोज तसे दूध पिऊ लागले.

पॅरिसमधील 1904 च्या त्यांच्या व्याख्यानानंतर वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला. युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची लाट आली, जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. ही काही संजीवनी नव्हे, असे मेचनिकॉव्ह यांना खुलासा करून सांगावे लागले, पण बाजार ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मोठे आतडे अनावश्यक आहे, या विचाराचे परिणाम तर आणखी गंभीर झाले. लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी काढून टाकायला सुरुवात केली. त्यात काही रुग्ण दगावले.

मेचनिकॉव्ह यांना अमरत्व मात्र नको होते. माणूस अपुऱ्या आयुष्यात आणि आजारांनी जर्जर होऊन मरतो, म्हणून त्याला मरणाची भीती वाटते, असे त्यांचे मत होते. निरोगी राहून पुरेपूर जगलेल्या माणसाला दिवसभराच्या कामानंतर झोप यावी तसे मरण सहज वाटेल, असा त्यांचा विश्वास होता. त्यांचे भाऊ इव्हान यांच्या मृत्यूवरूनच लिओ टॉलस्टॉय यांना इव्हान इलिचची प्रसिद्ध कथा सुचली होती. 1909 मध्ये मेचनिकॉव्ह टॉलस्टॉयना भेटायला गेले. आयुष्य लांबवण्यापेक्षा ते चांगले जगण्याला महत्त्व देणाऱ्या टॉलस्टॉयना त्यांचे म्हणणे पटले नाही.

15 जुलै 1916 रोजी हृदयविकाराने मेचनिकॉव्ह यांचे निधन झाले. वय 71. मृत्यूनंतर आपले शरीर, विशेषतः आतडी, नीट तपासा, असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवले होते. स्वतःचा मृत्यूही त्यांच्या लेखी एक नोंद होती. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

त्यांचे काय चुकले? आंबवलेल्या दुधातील ते जंतू आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत, हे पुढे दिसून आले. आतड्यातील विष हे म्हातारपणाचे एकमेव कारणही नाही. पण आतड्यातील जंतू, प्रतिकारशक्ती आणि शरीरात धुमसणारा सौम्य दाह यांचा वार्धक्याशी संबंध आहे, हा आज गंभीर संशोधनाचा विषय आहे. तरीही माणसाचे वय वाढणे थांबवते असे सिद्ध झालेले एकही औषध आजवर नाही. गेल्या शतकात सरासरी आयुर्मान वाढले ते लसी, शुद्ध पाणी आणि प्रतिजैविकांमुळे, आणि त्यात बालमृत्यू घटल्याचा वाटा मोठा होता.

म्हणून जेवणात दही-ताक जरूर असावे. ते उत्तम अन्न आहे. तारुण्य परत आणण्याचे आश्वासन देणाऱ्या महागड्या गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे, वेळेवर लसी घेणे याने अमरत्व मिळत नाही. अंथरुणाला खिळून काढावी लागणारी वर्षे मात्र कमी होऊ शकतात, आणि मेचनिकॉव्ह यांनाही हवे होते ते हेच.