भास्कराचार्य

सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड या गावी शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, भास्कराचार्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते. तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात.

त्या काळी धूळ पसरलेल्या पाटीवर आकडे मांडून गणिते करीत. संख्या मोठ्या असल्या की श्रम वाढत आणि एक आकडा चुकला तरी सारी मांडणी व्यर्थ जाई. हे श्रम कसे वाचवावेत, हे भास्कराचार्यांनी शिकविले.

‘लीलावती’त त्यांनी असा प्रश्न घातला आहे: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता येणाऱ्या बेरजेस १९५ ने निःशेष भाग जाईल? येथे लगेच गुणाकार करीत बसावयाचे नाही. तिन्ही संख्यांत सामाईक काय आहे, ते प्रथम पाहावयाचे. १३ हा त्यांचा सामाईक अवयव आहे. त्याने भागले की १७, ५ व १५ एवढ्या लहान संख्या उरतात. १७ ची ५ पट ८५. त्यात ५ मिळविले की ९० होतात आणि ९० ला १५ ने निःशेष भाग जातो. मूळ प्रश्नाचे उत्तरही ५ हेच. या क्रियेस ते अपवर्तन म्हणत.

६५ ऐवजी ६६ असते तर? २२१ व १९५ यांना १३ ने भाग जातो, ६६ ला जात नाही. असा प्रश्नच सदोष होय, असे आचार्य सांगतात. ज्याला उत्तरच नाही, त्यासाठी होणारी व्यर्थ खटपट अशा रीतीने आरंभीच टळते.

‘बीजगणिता’त अज्ञात राशींना त्यांनी काळा, निळा, पिवळा, तांबडा अशा रंगांची नावे योजिली. आजचा विद्यार्थी त्यांच्या जागी अक्षरे लिहितो. ६अ + ९ब यातून ३ हा सामाईक अवयव बाहेर काढून तो ३(२अ + ३ब) असे मांडतो, तेव्हा त्या जुन्या वाटेनेच तो चालत असतो.

वयाच्या ६९ व्या वर्षी आचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्या मठास इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. अकबराच्या काळी, इ. स. १५८७ मध्ये, फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली. वडिलांपाशी बसून घेतलेली विद्या अशी देशोदेशी पोहोचली.