रंग वाळायला किती वेळ लागतो?

आमच्या ऑटो क्लबमध्ये सध्या दोन पार्ट्या पडल्यात. क्लबसाठी पहिलं पॉलिशिंग मशीन घ्यायचंय, ते रोटरी घ्यायचं की ड्युअल ॲक्शन? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मंडळी रोटरीवाली, बाकीचे दुसऱ्या बाजूला. मेसमध्ये आमटी गार होईपर्यंत वाद चालतो. आता, गाडीला मशीनने घासून चकाकी आणायची ही भानगड ज्याच्यामुळे घरोघरी पोचली, त्या माणसाचं नाव मात्र या वादात कुणी काढत नाही. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. सेल्फ-स्टार्टरवाला म्हणून तो आपल्याला पुस्तकात भेटतो. मला तो जास्त भावतो तो रंगवाला म्हणून.

२९ ऑगस्ट १८७६ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर तो जन्मला. लहानपणापासून डोळ्यांनी अधू. काही दिवस शाळामास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला, तर डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज सोडावं लागलं. मग पठ्ठ्या काय करतो? टेलिफोन कंपनीच्या गँगमध्ये लागतो, खांबांसाठी खड्डे खणतो, तारा ओढतो. उघड्यावरच्या कामात डोळ्यांना जरा आराम पडला आणि तो परत कॉलेजात आला. पुस्तकं दोस्त वाचून दाखवायचे, हा ऐकायचा. १९०४ साली डिग्री हातात पडली तेव्हा वयाची सत्ताविशी उलटली होती. वायडी लागलेल्या मंडळींनी हे जरा लक्षात ठेवावं.

पहिली नोकरी डेटन गावात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातला गल्ला उघडायला तेव्हा हँडल फिरवावं लागे. तिथे विजेची मोटर बसवायची, तर ती दणकट हवी, म्हणजे अवाढव्य होणार, असा हिशेब. केटरिंगने बघितलं की गल्ल्याला जोर लागतो तो क्षणभर. दिवसभर राबणारी मोटर हवीय कुणाला? छोटीच मोटर घ्या, तिच्याकडून क्षणभर दामटून काम करून घ्या आणि मग तिला गार होऊ द्या.

गाडीच्या स्टार्टरमागची युक्तीही हीच. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स या जोडीदाराबरोबर, त्याच्या घरामागच्या गोठ्यात त्याने काम मांडलं. त्यातून निघालेली कंपनी म्हणजे डेल्को. तेव्हा गाडी हँडल मारून सुरू व्हायची आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. कागदावर मोटरचं गणित केलं तर ती बॉनेटमध्ये मावेना. पण इंजिन फिरवायचं ते काही सेकंदच! इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी चार्ज करणार. १९१२ च्या कॅडिलॅकवर हा सेल्फ-स्टार्टर आला. मशीन्सच्या ओरलला 'ड्यूटी सायकल' म्हणजे काय विचारलं, तर मी हीच गोष्ट सांगणार आहे.

आता रंग. डेल्को पुढे विकली गेली आणि १९२० पासून केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा मुख्य झाला. त्या काळी गाडी रंगवायची म्हणजे घोडागाडी रंगवल्यासारखीच. तेलाच्या रंगाचा आणि व्हार्निशचा हात ब्रशने मारायचा, वाळू द्यायचा, हाताने घासायचा, पुन्हा दुसरा हात. कित्येक आठवडे जायचे. बाकीची गाडी कारखान्यात झपाट्याने जुळून यायची आणि रंगापाशी येऊन अडायची. अर्धवट रंगवलेल्या बॉड्या नुसत्या ठेवायलाच मोठमोठ्या शेड. फोर्डने यावर साधा उपाय काढला होता: भट्टीत भाजलेला काळा रंग, दुसरा नाही. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची मॉडेल टी काळीच.

गोष्ट अशी सांगतात की केटरिंगने रंगवाल्यांना बोलावून विचारलं, हा वेळ किती कमी होईल? त्यांनी घासाघीस करून चार-दोन दिवस सोडले. हा म्हणाला, मला एका तासात हवं. ते म्हणाले, रंग वाळतच नाही तासात. मग त्याला न्यूयॉर्कच्या एका दुकानात शोभेचा लाकडी ट्रे दिसला, त्यावरचा चकचकीत लॅकर पटकन वाळणारा होता. माग काढत तो बनवणाऱ्यापर्यंत गेला, तर तो लॅकर एवढा झटपट वाळायचा की फवारला तर हवेतच वाळावा. या गोष्टीला थोडं मीठ-मसाला लागला असणार. गाभा मात्र खरा आहे. तेलाचा रंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो, त्याला वेळ लागतोच. नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला द्रावक उडून गेला की रंग वाळलाच.

अडचण दुसरीच होती. लॅकर फवारण्याइतका पातळ करावा, तर त्यात रंगाचा माल अगदी कमी राही आणि हातावर हात मारत बसावं लागे. ही गाठ सुटली ती ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बिनधुराच्या बंदुकीच्या दारूचाच भाऊबंद, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर दारूच्या कारखान्यांना नवं काम हवंच होतं. १९२० मध्ये तिथल्या रसायनज्ञांना पातळ असूनही भरपूर रंग धरणारा लॅकर करायची रीत सापडली. मग दोन्ही प्रयोगशाळांनी दोन-अडीच वर्षं खपून तो गाडीच्या पत्र्यावर टिकेलसा केला. नाव ठेवलं ड्युको. १९२३ मध्ये ओकलंड नावाच्या गाडीवर निळ्या रंगात तो पहिल्यांदा बाजारात आला. श्रेय सगळं केटरिंगला देणं चूक आहे, रसायन त्याचं नव्हे. पण वेळेवर बोट ठेवलं ते त्याने. काही वर्षांतच रस्त्यावर रंगीबेरंगी गाड्या दिसू लागल्या, आणि फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला. आपल्याकडे फर्निचरवाले अजून 'ड्युको मारून देतो' म्हणतात, तो हाच शब्द.

आणि इथेच आपलं पॉलिशिंग येतं. ड्युको वाळायचा झटपट, पण मंद दिसायचा. चकाकी हवी तर कंपाउंड लावून घासायचं, मग पॉलिश. वर्ष-दोन वर्षं उन्हात काढली की वरचा थर पुन्हा खडूसारखा व्हायचा आणि पुन्हा घासणं आलं. रंगवायचे आठवडे वाचले, पण घासणं गाडीवाल्याच्या मागे कायमचं लागलं. (आमच्या क्लबच्या मागेही.)

आता मशीन कुठलं? आधी आपण घासतोय काय ते बघू. आजच्या गाडीवर रंगाच्या वर बिनरंगी क्लिअर कोट असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा. म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. ओरखडा काढणं म्हणजे त्याच्या भोवतीचा थर खाली आणणं, त्यामुळे प्रत्येक पॉलिशिंगला हा थर थोडा खर्ची पडतो. रोटरीचं पॅड एकाच मध्याभोवती गरागरा फिरतं. काम भराभर होतं, पण एका जागी जरा रेंगाळलात की उष्णता साठते, आणि बॉनेटच्या कडेवर रंग पार पत्र्यापर्यंत उडतो. मुरलेल्या हाताला ते उत्तमच. ड्युअल ॲक्शनचं पॅड फिरताना बाजूला सरकून घिरट्याही घालतं. त्यामुळे रेघांची जाळी राहत नाही आणि जास्त दाबलं तर पॅडचं फिरणं मंदावतं. शिकाऊ हातासाठी याहून चांगला सेफ्टी डिव्हाइस नाही. क्लबमध्ये दर वर्षी नवी पोरं येणार, म्हणून माझं मत ड्युअल ॲक्शनला.

घिरटीचा व्यास १५ मिलिमीटर पुरे. २१ वालं मशीन मोठ्या सपाट पत्र्यावर झकास चालतं, पण छोट्या गाडीच्या वळणांवर झुलतं. पाच इंची बॅकिंग प्लेट आणि वेग कमी-जास्त करायची चकती हवीच. आणि घेण्याआधी दुकानात दहा मिनिटं हातात धरून चालवून बघा, कारण हे काम स्टार्टरच्या उलट आहे. इथे मोटर तासन् तास चालते. ड्रिलला स्पंज लावून भागवू म्हणणाऱ्यांचं ड्रिल तापतं ते यामुळे. अँगल ग्राइंडरचं तर नाव नको, तो मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतो. वाचलेल्या पैशांत चार-सहा फोम पॅड जास्तीचे घ्या. कडांना मास्किंग टेप लावा, सगळ्यात सौम्य पॉलिशने फूटभर जागेवर आधी करून बघा. पॅडला गाडीचा रंग लागला तर समजा वर क्लिअर कोट नाही, आणि तिथेच थांबा.

केटरिंगच्या सगळ्याच गोष्टी अशा चकाकत्या नाहीत. १९२३ मध्ये त्याच्या लाडक्या हवेने गार होणाऱ्या इंजिनाची शेवरले गाडी बाजारात आली आणि सपशेल पडली. गिऱ्हाइकांकडे गेलेल्या गाड्यासुद्धा परत बोलावल्या. तो नोकरी सोडायला निघाला होता, वरिष्ठ आल्फ्रेड स्लोन यांनी थांबवलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. इंजिनाचं नॉकिंग थांबवायला त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीला डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. शिसं विषारी, हे दोघांनाही माहीत होतं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांनीच तपासलं होतं, पण शिसं थेंबभर पुरायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. गॅलनमागे थेंबभर, असा त्याचा हिशेब होता. ते थेंब कोट्यवधी गाड्यांतून वर्षानुवर्षं हवेत गेले, मुलांच्या रक्तात गेले. आपल्या देशात शिसंवालं पेट्रोल बंद झालं २००० साली. जगात सगळ्यात शेवटी ते अल्जीरियात थांबलं, २०२१ मध्ये. स्टार्टरच्या मोटरचे सेकंद मोजणाऱ्या माणसाने इथे वर्षं मोजली नाहीत, आणि याबद्दल मी त्याला सूट द्यायला तयार नाही.

पुढे त्याने रेल्वेची डिझेल इंजिनं हलकी केली. १९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग या दोघांच्या नावाने न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली. १९४७ मध्ये तो निवृत्त झाला आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये डेटनला वारला. फ्लिंट गावातल्या, एकेकाळी जनरल मोटर्सच्या असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९९८ मध्ये त्याचं नाव दिलं. तिथली पोरं एक टर्म वर्गात काढतात आणि एक टर्म कारखान्यात.