अंतःकरणाची ओळख : इमाम गजाली (रह.) यांचे जीवन

एखाद्या व्यक्तीला आपण अल्लाहचा नेक बंदा म्हणतो, तेव्हा आपण तिच्यात नेमके काय पाहिलेले असते? तिचा पोशाख, तिचे वक्तृत्व, की तिच्याभोवती जमलेली गर्दी? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याच्या हाती आपण आपला दीन आणि आपली मुले सोपवतो, त्याची पारख चुकली तर हानी केवळ या जगापुरती राहत नाही. या संदर्भात इमाम अबू हामिद मुहम्मद गजाली (रह.) यांचे जीवन आपण लक्षपूर्वक पाहावे.

इमामसाहेबांचा जन्म इ. स. १०५८ (हि. ४५०) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. वडील साधे, गरीब गृहस्थ होते. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहम्मद व अहमद या दोन्ही मुलांना आपल्या एका सूफी मित्राच्या हवाली केले. ठेवलेली रक्कम संपली तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्येबरोबर अन्नाचीही सोय होती. पुढे निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्या सहवासात मुहम्मद यांची बुद्धिमत्ता फुलली. इ. स. १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. सुमारे ३०० विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. दरबारात मान होता आणि वादविवादात त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे.

आपण त्या काळी बगदादमध्ये असतो, तर दीनदारीचे शिखर म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले असते. परंतु स्वतः इमामसाहेबांना तसे वाटत नव्हते. त्यांनी सूफी बुजुर्गांचे ग्रंथ वाचले होते. त्यातून त्यांना एवढे उमगले, की आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. मग त्यांनी स्वतःच्या नियतीकडे पाहिले. आपल्या अध्यापनामागे अल्लाहची प्रसन्नता नसून कीर्तीची व प्रतिष्ठेची ओढ आहे, हे त्यांना दिसून आले. जावे की राहावे, या द्वंद्वात सुमारे सहा महिने गेले. इ. स. १०९५ मध्ये एके दिवशी त्यांची जीभच अडखळली. शिकवण्यासाठी शब्द फुटेना, घास गिळवेना. हे दुखणे मनातून उतरले आहे, असे सांगून हकिमांनी हात टेकले.

अखेर कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि बगदाद सोडले. आता लोकांची प्रतिक्रिया पाहा. तेथील विद्वानांना या त्यागामागे धार्मिक कारण असू शकते, हे पटतच नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते पद हेच दीनमधील सर्वोच्च स्थान होते. दूरच्या लोकांनी राज्यकर्त्यांच्या भीतीचा तर्क लढवला. जो मनुष्य प्रथमच खऱ्या अर्थाने अल्लाहकडे वळत होता, त्याला ओळखण्यात सारे शहर चुकले.

दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या मिनारात ते दरवाजा बंद करून दिवस घालवत. पुढे ते बैतुल मुकद्दसला गेले. हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन निश्चय केले : राज्यकर्त्यांचा पैसा घ्यायचा नाही, त्यांच्या दरबारी जायचे नाही आणि वादविवादात पडायचे नाही. त्यानंतर हजचे कर्तव्य पार पाडले.

याच काळातील चिंतनातून इह्या उलूमिद्दीन हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ साकारला. त्यातील एक प्रकरण केवळ आत्मवंचनेवर आहे. वुजूच्या पाण्याविषयी शंकाकुशंका काढणारा, पण पोटात जाणारा घास हलाल आहे की नाही हे न पाहणारा. शेजारी उपाशी असताना वारंवार हजला जाणारा धनिक. मशीद बांधून तीवर स्वतःचे नाव कोरून घेणारा दाता. सूफींचा वेश तेवढा उचलणारा मनुष्य, असे अनेक जण त्यात भेटतात. विद्वानासाठी त्यांनी एक सोपी कसोटी दिली आहे. आपल्याहून अधिक ज्ञानी व्यक्ती आली आणि लोक तिच्याकडे वळले, तर त्याला आनंद होतो की मत्सर वाटतो?

या कसोट्या हाती आल्या म्हणून आपण दुसऱ्यांच्या अंतःकरणाचे न्यायाधीश होत नाही. अंतर्यामीचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे, आणि दुसऱ्याविषयी वाईट ग्रह करून घेणे हा गुन्हा आहे. सर्वांविषयी सद्भावना बाळगावी. मार्गदर्शक निवडताना मात्र त्याचा व्यवहार, त्याची कमाई आणि दुर्बलांशी असलेली त्याची वागणूक पाहावी. इमामसाहेबांनी ही कसोटी सर्वप्रथम स्वतःला लावली होती, हे विसरू नये.

इ. स. ११०६ मध्ये आग्रहामुळे त्यांनी निशापूरला पुन्हा काही काळ अध्यापन केले. शेवटी ते तूसला परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा व साधकांसाठी खानकाह उभारली. डिसेंबर ११११ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. बगदादचा थाट तेथे नव्हता.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या सभेतील गर्दी पाहून आपले मन भारावेल, तेव्हा मिनारातील त्या बंद दरवाजाची आठवण ठेवा. आपल्या वस्तीत कोणी नाव न सांगता विधवेच्या घरी धान्य पोहोचवत असेल, कोणी उधारी चोख फेडत असेल, कोणी स्वतःची चूक उघडपणे मान्य करत असेल. मुलांना त्यांच्या सहवासात बसवा. अल्लाह आपणा सर्वांना इख्लास प्रदान करो. आमीन.