बाटली क्रमांक ५३-एन

प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसात जन्मले. १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पदही गेले. मात्र ते १९ जण एकाच बाटलीतले होते, आणि ती उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

कोणती बाटली कोणाला, हे माहीत नसते तर चूक सापडली नसती. म्हणून जवळा बाजारला लस घेतानाही बॅच क्रमांक कार्डावर लिहून घ्या.