हिमालयाचे वळण उलगडणारा बडोद्याचा विद्यार्थी

बंगळुरू : शिवाजीनगरच्या रसेल मार्केटपासून लालबागेच्या टेकडीपर्यंत बंगळुरू शहर ज्या पायावर उभे आहे, तो पट्टिताश्म सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. लालबागेतील उघड्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा पहिला पाठ पुष्कळदा तेथेच होतो. हा खडक आणि दोन हजार किलोमीटरवरचा हिमालय यांचा परस्परांशी संबंध काय, याचे उत्तर शोधण्यात ज्या भारतीयाने आयुष्य वेचले, त्याला पदवीच्या वयात भूविज्ञान शिकवणारी माणसेच फार थोडी भेटली होती. दाराशा नोशेरवान वाडिया हे त्याचे नाव.

वाडियांचा जन्म १८८३ मध्ये सुरतेत झाला. आडनाव जहाजबांधणी करणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्याचे असले, तरी वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. प्राथमिक शिक्षण सुरतेत झाल्यावर दाराशा लहान वयातच बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे तेव्हा शिक्षणाच्या बाबतीत ब्रिटिश मुलखालाही मागे टाकू पाहत होते. आपल्या राज्याच्या पोटात काय आहे, हे जाणून घेण्यासाठी महाराजांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना पाचारण केले होते. मद्रासजवळच्या पल्लावरम येथे १८६३ मध्ये अश्मयुगीन हत्यार शोधणारे ते हेच फूट. बडोद्याचे काम आटोपून १८९४ मध्ये ते म्हैसूर संस्थानाच्या नव्या भूविज्ञान खात्याची उभारणी करण्यासाठी दक्षिणेत गेले. शाळकरी दाराशा बडोद्यात आले, तेही याच सुमारास.

बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे वाडियांनी १९०३ मध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली, १९०५ मध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूविज्ञान घेऊन पुन्हा एकदा परीक्षा दिली आणि १९०६ मध्ये ते एम. ए. झाले. सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक अदरजी मसानी यांनी त्यांना निसर्गाकडे पाहण्याची गोडी लावली. परंतु भूविज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण त्या काळी हिंदुस्थानात दोन-चार ठिकाणीच मिळत असे. बडोद्याच्या संग्रहालयातील नमुने आणि पुस्तके यांच्या आधारे वाडियांनी बराचसा विषय आपला आपणच आत्मसात केला. परदेशी पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती आणि पुढे हीच गोष्ट त्यांची वैशिष्ट्यपूर्ण ओळख ठरली.

१९०७ मध्ये तेविशीतील वाडिया जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात भूविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांच्या आयुष्यातील खरे विद्यापीठ कोणते असा प्रश्न केल्यास जम्मूच्या डोंगरांचेच नाव घ्यावे लागेल. शहर वसलेले आहे ते शिवालिक टेकड्यांवर. तवी नदीच्या काठाने चालू लागले की वालुकाश्म, चिकणमाती आणि गोट्यांच्या पिंडाश्मांचे थर एकामागून एक उलगडत जातात. हिमालय उंचावत असताना त्याच्याच झिजेचा गाळ पायथ्याशी साचून हे थर बनले आणि त्यांत तत्कालीन हत्ती, पाणघोडे, जिराफ यांच्या पूर्वजांची हाडे गाडली गेली. वाडिया विद्यार्थ्यांना घेऊन या टेकड्या पायी तुडवीत. हातोडी, होकायंत्र आणि नोंदवही एवढाच त्यांचा सरंजाम असे. थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कललेला आहे हे मोजायचे, नमुना फोडून पाहायचा, नकाशावर खूण करायची आणि पुढच्या ओढ्याकडे वळायचे, असा हा अभ्यास होता. अशाच भटकंतीत त्यांना जम्मूजवळ स्टेगोडॉन या नामशेष हत्तीची कवटी आणि सुमारे तीन मीटर लांबीचा सुळा सापडला.

कॉलेजच्या सुट्ट्याही डोंगरातच जात. चौदा वर्षांच्या या नोकरीत संशोधनासाठी त्यांना ना वेगळा वेळ होता, ना वेगळे वेतन. याच काळातील दुसरे मोठे काम म्हणजे पुस्तक. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा १८७९ चा सरकारी ग्रंथ आणि त्याची ओल्डहॅम यांनी केलेली १८९३ ची आवृत्ती हे जाडजूड संदर्भग्रंथ होते; विद्यार्थ्याच्या हाती द्यावे असे पाठ्यपुस्तक नव्हते. वर्गात जाणवलेली ही उणीव वाडियांनी स्वतःच भरून काढली. भारताच्या भूविज्ञानावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले आणि सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने ते अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यासक्रमात राहिले. पुणे, नागपूर, बंगळुरू कोठेही भूविज्ञान शिकलेल्या मागील पिढ्यांच्या टेबलावर ते हमखास असे. एका आडबाजूच्या कॉलेजातील प्राध्यापकाने सुट्ट्यांमधून उभे केलेले हे काम सरकारी खात्यांनाही तोपर्यंत साधले नव्हते, हे येथे नमूद करायला हवे.

१९२१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात सहायक अधीक्षक झाले. युरोपीय पदवी नसताना या पदावर घेतले गेलेले ते पहिले भारतीय होत. ज्या वयात इंग्रज अधिकारी वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेले असत, त्या वयात वाडियांची सुरुवात झाली. निवृत्तीला अवघी सतरा वर्षे उरली होती. या सतरा वर्षांतच त्यांचे सर्वांत मोलाचे संशोधन झाले.

प्रश्न हिमालयाच्या वायव्य टोकाचा होता. काश्मीरपर्यंत आग्नेय-वायव्य दिशेने आलेल्या पर्वतरांगा नंगा पर्वताच्या परिसरात एकाएकी वळतात आणि हजारा प्रदेशात दक्षिणेकडे उतरतात. झेलम नदीही मुझफ्फराबादपाशी अशीच झटकन दक्षिणेकडे वळते. येथे दोन निरनिराळ्या पर्वतमाला येऊन भिडल्या असाव्यात, असे तज्ज्ञांचे मत होते. पूंछ, काश्मीर आणि हजारा या भागांत वर्षानुवर्षे पायी फिरून वाडियांनी वळणाच्या दोन्ही अंगांचे थर तपासले. ते सारखेच निघाले. पर्वतमाला दोन नव्हेत, एकच होती. वाटेत काहीतरी कठीण आडवे आल्यामुळे ती वाकली होती. हा अडथळा म्हणजे दक्षिण भारताच्या प्राचीन पठाराचे पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेकडे घुसलेले टोक, असा निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये मांडला. सरगोध्याजवळ सपाट मैदानातून वर डोकावणाऱ्या किराणा टेकड्या ही त्याची दिसणारी खूण. लालबागेचा खडक ज्या पठाराचा, त्याच पठाराच्या उत्तर टोकाभोवती हिमालय वळला होता. भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत मान्यता पावण्यास अद्याप तीन दशके अवकाश होता. ऑक्टोबर २००५ मध्ये ७.६ क्षमतेच्या भूकंपाने मुझफ्फराबाद उद्ध्वस्त केले, ते याच वळणावर.

डोंगराइतकेच त्यांचे लक्ष मातीकडे आणि पाण्याकडेही होते. सहकाऱ्यांसह त्यांनी १९३५ मध्ये भारताच्या मृदांचा नकाशा तयार केला. बिहार-नेपाळच्या १९३४ च्या भूकंपावरील सर्वेक्षणाच्या अहवालातही त्यांचा सहभाग होता. १९३८ मध्ये निवृत्त होताच ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ झाले आणि त्या बेटावर एकावर एक असलेल्या तीन झीज-पातळ्यांचे विवेचन त्यांनी केले. हिमयुगानंतर मध्य आशिया कसा कोरडा पडत गेला, यावरचा त्यांचा प्रबंध १९६० चा, म्हणजे वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या आसपासचा आहे. हवामानबदल हा शब्द वृत्तपत्रांत येण्यापूर्वीचा हा काळ.

मायदेशी परतल्यावर ते भारत सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार झाले. आज नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोची धुराही सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे होती. १९४९ पासून होमी भाभांच्या अणुऊर्जा कार्यक्रमासाठी युरेनियम आणि अन्य खनिजांच्या शोधाचे नेतृत्व त्यांनी केले. सन्मान उशिरा पण भरभरून आले : १९४३ मध्ये लायेल पदक, १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६३ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद. रॉयल सोसायटीने निवडलेले ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक होते.

हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था हवी हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. १९६८ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील काही खोल्यांत ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १५ जून १९६९ रोजी, वाडियांचे निधन झाले. १९७६ मध्ये संस्था डेहराडूनला गेली आणि तिला त्यांचे नाव देण्यात आले. वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे संशोधक आज डोकरियानी आणि चोराबारी हिमनद्यांचे मोजमाप करतात. जून २०१३ मध्ये केदारनाथवर लोटलेला पूर चोराबारीच्याच कुशीतील तलाव फुटून आला होता. जम्मूचे जुने कॉलेज आता शासकीय गांधी स्मारक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि तेथील भूविज्ञान विभागाचे संग्रहालयही वाडियांच्याच नावाने आहे.