पळसगावचे यशवंत घाडगे

जळकोटला आमच्या घरी विषय शेतीचाच. पलटणीत कोणी गेलेले नाही. म्हणूनच की काय, यशवंत घाडगे यांनी माझ्या मनात घर केले.

कोकणात माणगाव तालुक्यात, भातखाचरांच्या मुलखात, पळसगाव हे त्यांचे खेडे. जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. सारे सोबती मेले वा जखमी झाले. उरले एकटे घाडगे. ते तसेच धावले. हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले. पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून कुदळीसारखी धरून उरलेल्या दोघांना ठार केले. तोच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परक्या सरकारच्या झेंड्याखालचे शौर्य म्हणून त्याचे मोल कमी धरणारे आहेत. मीही एकेकाळी त्यांतलाच. पण त्या क्षणी त्यांच्यापुढे सरकार कुठे होते? पडलेले सोबती होते. समाधीचा ठिकाणा नसलेल्यांच्या कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. पुतळा माणगावात आहे.