एका मुलीसाठी

शब्बाथ शाळेत पंडिता रमाबाईंविषयी शिकविताना आपण त्यांची विद्वत्ता, मुक्ती मिशन आणि बायबलचे भाषांतर यांविषयी सांगतो. १८९७ सालची एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८२ मध्ये पतीही वारले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. आमचा बालाघाट जिल्हाही त्यातून सुटला नाही. उपासमार म्हणजे काय हे जाणणाऱ्या बाई या प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या.

तेव्हा पुण्यात प्लेग होता. शहर वाचावे म्हणून सरकारने घरोघर झडती घेण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा कडक नियम केला. बाईंनी आपल्या मुली केडगावच्या शेतावर हलविल्या. पण त्यांची एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली, ती त्यांना अंतरली. तेथे स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे बाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात स्वतःच्या नावाने लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो आरोप नाकारला.

रोग्यांना वेगळे ठेवल्याने पुष्कळांचे प्राण वाचतात, हे खरेच. मग हजारोंपुढे एका अनाथ मुलीचा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. कयफानेही असाच हिशेब मांडला होता. प्रभूने स्वतःचा प्राण दिला. कयफाने दुसऱ्याचा देऊ केला. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. लोकहितासाठी स्वतः झिजणे हा त्याग होय. दुबळ्याला न विचारता त्याचा बळी देणे हा त्याग नव्हे. बाईंनी दुष्काळपीडितांसाठी स्वतः कष्ट उपसले, पण आपल्या एका मुलीला त्यांनी आकड्यांत बुडू दिले नाही.

आम्हा उकव्याच्या लोकांना हे समजायला जड नाही. मँगनीजच्या खाणीत उतरलेल्यांपैकी एक जण वर आला नाही, तर बाकीचे आले म्हणून कोणी घरी जात नाही.

१९२२ साली बाई प्रभूकडे गेल्या. आपल्या मंडळीत, शाळेत, घरात सर्वांच्या भल्यासाठी म्हणून आपण कोणा एकाला गप्प बसवीत नाही ना, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.